बटाट्याला फुटलेलं रक्त

शालनबाईनं ताट परत पाठवलं. परत पाठवायलाही हरकत नव्हती. हातात देऊन दोन शब्द तिखट बोलली असती, तर रिबेकाबाईंनी चार शब्द सुनावले असते आणि विषय मिटला असता. पण बाईनं ताट उंबऱ्यावर ठेवलं, कडी वाजवली आणि दार उघडेस्तोवर आपल्या खोलीत शिरून आतून कडी घातली. चाळीस वर्षांचा शेजार आणि वागणं चोरट्या मांजरीचं! ताटावरचा कागद जसाच्या तसा, दोऱ्याची गाठ जशीच्या तशी. आत चिकाच्या हलव्याच्या वड्या. गहू भिजवायचे, वाटायचे, चीक काढायचा, नारळाच्या दुधात हात मोडेपर्यंत घोटायचा, तेव्हा कुठं तो हलवा होतो. रिबेकाबाईंच्या लोकांचं नवं वर्ष त्याच्याशिवाय लागत नाही, आणि चाळीस वर्षांत पहिलं ताट शालनबाईकडं गेल्याशिवाय रिबेकाबाईंनी वडी तोंडात टाकली नव्हती.

आता ते ताट हातात घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या आणि त्यांना पहिल्यांदा भीती वाटली.

रिबेकाबाई किहीमकर म्हणजे बेने इस्राएल. मराठी ज्यू. माहेर-सासर दोन्ही अलिबागकडचं. नवरा सायमन कंपनीत टर्नर होता, म्हणून कासारवाडीला स्टेशनच्या अलीकडं उद्धवरावांच्या चाळीत कोपऱ्यातली खोली घेतली. सायमन गेला, मुलगा इस्राएलला स्थायिक झाला, बाई राहिल्या. मुलगा दर आठवड्याला फोनवर "आई, इकडं ये" म्हणायचा आणि बाई म्हणायच्या, "तुझ्या देशात मला भांडायला कोण आहे?" शाळा चौथीच्या पुढं गेली नव्हती, जीभ मात्र कुठंच थांबली नव्हती. चाळीतली बहुतेक घरं नगरकडून कामाला आलेल्या ख्रिस्ती माणसांची. नाताळला करंज्या इकडून तिकडं, नव्या वर्षाला हलवा तिकडून इकडं. कुणाच्या देवाबद्दल कुणी कधी ब्र काढला नव्हता.

मग ब्रदर जयवंत आला.

पुनावळ्याला हायवेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये त्याच्या प्रार्थना चालायच्या. पांढरे बूट, पांढरी पँट, गळ्याशी माइक. चाळीतली माणसं ज्या चर्चला जायची तिथल्या पाळकसाहेबांनी भर उपासनेत सांगितलं होतं, "त्या माणसाच्या नादी लागू नका." पण पाळकसाहेब पडले हळू आवाजाचे. ब्रदरचा आवाज लोकल गेली तरी ऐकू यायचा.

शालनबाई त्याच्याकडं का गेली, हे रिबेकाबाईंना ठाऊक होतं. तिच्या मुलाची, शांतवनची, दोन बोटं चाकणला प्रेसखाली गेली होती. जखम भरेना, कंपनी कामावर घेईना. ब्रदरनं जखमेवर आपलं 'अभिषेकाचं पाणी' लावलं आणि सांगितलं, बोटं परत येणार नाहीत, पण हात परत येईल. बुडत्या बाईला एवढं पुरे झालं. तिनंच ब्रदरला चाळीत आणलं.

ताट परत आलं त्याच्या आधीच्या रविवारी चाळीच्या अंगणात ताडपत्री बांधली. रिबेकाबाई आपल्या खिडकीतून बघत होत्या. माणूस इतकं की मोरीच्या कट्ट्यावरसुद्धा पोरं बसलेली. ब्रदरनं ब्रेडचा पुडा वर धरला.

"बोला, हा ब्रेड कुठला? पिंपरीतल्या बेकरीतला! सीलबंद आहे का? आहे! ब्रदरनं फोडला का? नाही फोडला! तुम्ही फोडा, ताई. ठेवा डब्यात. खाली काय? ओलं फडकं, आपल्या पुढाऱ्यांसारखं नाही, स्वच्छ! वर काय टाकलं? फक्त अभिषेकाचं पाणी! आता कुलूप कोण लावणार? तुम्ही! चावी कुणाकडं? तुमच्याकडं! मग ब्रदर काय करतो? ब्रदर काहीच करत नाही! ब्रदर म्हणजे नुसता मोबाइल, भावांनो, कॉल वरून येतो! हालेलुया!"

रिबेकाबाईंना हसू आलं. असल्या तोंडाचा माणूस त्यांनी एकच पाहिला होता, पिंपरी मार्केटात न धुता चालणारे नॉनस्टिक तवे विकणारा.

मंगळवारी संध्याकाळी डबा उघडला आणि हसू जिरलं.

पांढऱ्या ब्रेडवर लाल थेंब होते. एक-दोन नव्हे, पुष्कळ. ओले, चकाकणारे, लालबुंद. पुढच्या बाया किंचाळल्या, मागची माणसं गुडघ्यावर आली. कुणी रडायला लागलं. ब्रदरनं डबा कपाळाला लावला आणि कितीतरी वेळ गप्प राहिला. एवढा बोलका माणूस गप्प राहिला की अंगावर काटा येतो.

"रक्त का आलं?" तो मग हळूच म्हणाला. "हा ब्रेड म्हणजे प्रभूचं पवित्र शरीर. जखम झाली म्हणून आलं. ज्यांनी तेव्हा ख्रिस्ताला खिळे ठोकले, त्यांची सावली या अंगणात आहे. मी नाव घेणार नाही. ब्रदर नाव घेत नाही. तुम्हीच शोधा. कुणाच्या दाराच्या चौकटीला नळी ठोकलेली आहे? कोण येताजाता तिला बोटं लावून ओठांना लावतं? त्या नळीत काय आहे? कुणाच्या मोरीतून गुरुवारी लाल पाणी गटारात जातं?"

सगळ्या माना कोपऱ्यातल्या खोलीकडं वळल्या. रिबेकाबाई खिडकीतून मागं सरकल्या. नळी त्यांच्या सायमननं स्वतः ठोकली होती. तिला मेझुझा म्हणतात. आत चर्मपत्रावर देवाचं नाव आणि 'त्याच्यावर प्रीती कर' एवढी आज्ञा. चाळीतल्या पोरांनी शंभरदा विचारलं होतं, बाईंनी शंभरदा सांगितलं होतं.

"लाल पाणी कुणी पाहिलंय? घाबरू नका. साक्ष द्या."

आणि शालनबाई उभी राहिली. पदर डोक्यावर, नजर जमिनीवर.

"मी पाहिलंय," ती म्हणाली. "दर गुरुवारी येतं."

पाणी येत होतं, खोटं काहीच नव्हतं. गुरुवारी त्या लोकल पकडून पुण्याला जायच्या, लाल देवळातून, म्हणजे तिथल्या त्यांच्या सिनेगॉगमधून, त्यांच्या पद्धतीनं कापलेली कोंबडी आणायच्या. घरी आणून आधी पाण्यात भिजवायची, मग जाडं मीठ चोळून तिरप्या फळीवर ठेवायची, रक्ताचा थेंबन् थेंब ओढून निघाला पाहिजे, मग तीनदा धुवायची. कारण बेने इस्राएल माणसाला रक्त वर्ज्य. अंडं फोडलं आणि आत लाल ठिपका दिसला तर अंडं फेकून देणारी ही बाई! आणि हे शालनबाईएवढं जगात कुणाला ठाऊक नव्हतं. सायमनच्या आजारपणात फळी कुणी धरली होती? शालनबाईनं. "रिबेकाताई, तुमची कोंबडी खाण्यापेक्षा मीठच परवडलं," असं म्हणून हसली होती.

रक्त टाकून देणाऱ्या घरावर रक्ताचा आळ आला होता, आणि फळी धरणारीनंच तो घातला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ताट परत आलं.

त्यानंतरचे दिवस रिबेकाबाईंनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. नळावर गेल्या की बोलणं थांबायचं. हंडा भरेपर्यंत बाया भिंतीकडं बघायच्या. पोरांना आया हाताला धरून आत ओढायच्या. पत्र्यावर एकदा दगड पडला, मग पुन्हा पडला. चौकटीवरच्या नळीवर कुणी खिळ्यानं ओरखडे काढले होते. त्यांनी ते पदरानं पुसले, जसे काही पुसून जाणार होते. मुलाचा फोन आला तेव्हा म्हणाल्या, "सगळं बरं आहे रे, सर्दी झालीय म्हणून आवाज असा येतोय."

शुक्रवारी उद्धवराव आले. जुन्या कासारवाडीचे शेतकरी. शेतात चाळ उभी राहिली तरी बोलणं शेतातलंच राहिलं होतं. दारातच उभे राहिले.

"रिबेकाबाय, मी सोता तुमाला काय म्हनत न्हाई. पन मान्सं लई भडकल्याती. तो ब्रदर म्हनतोय, कोपऱ्याची खोली रिकामी करा, तितं प्रार्थनेची जागा करू, मग समद्यांचं भलं हुईल."

"म्हणजे रक्त माझ्या नावाचं आणि खोली त्याच्या नावाची?"

"तुमी हुशार हाय, मला कळतंय. पन उद्या कुनी दार फोडलं तर मी एकटा काय करू? पुढच्या रविवारपातुर आटपा. लेकाकडं जा. आमी काय तुमचं वाईट चितत न्हाई."

"चितत नाही, पण बघत राहता," बाई म्हणाल्या. उद्धवराव मान खाली घालून गेले.

मुलाकडं जायला हरकत नव्हती. पण स्वतःच्या पायांनी जाणं वेगळं आणि मागं दगड घेतलेली माणसं उभी असताना जाणं वेगळं. ही खोली अशी सोडली, तर बाईंनी काहीतरी केलंच होतं, हे कायमचं पक्कं होणार होतं.

त्याच दुपारी, शब्बाथची, म्हणजे त्यांच्या शनिवारच्या विसाव्याची, तयारी चालली असताना, ब्रदर मिरवणूक घेऊन आला. शनिवारी त्यांच्यात चूल पेटत नाही, म्हणून सगळा स्वयंपाक शुक्रवारीच. चपात्या डब्यात झाकून झाल्या होत्या, बटाटे उकडून, सोलून खिडकीशी परातीत निवत ठेवले होते. बाहेर "हालेलुया!"चा गजर झाला. बाईंनी दाराला कडी घातली आणि भिंतीला पाठ लावून बसल्या. ब्रदरनं बाटलीतलं पाणी दारावर शिंपडलं, चौकटीवर शिंपडलं, खिडकीच्या गजांतून आत शिंपडलं. "नीघ! नीघ! नीघ!" त्याच्यामागं सगळी चाळ ओरडत होती, "नीघ!" त्या आवाजात शालनबाईचा आवाज आहे का, हे रिबेकाबाई कान देऊन ऐकत होत्या. ऐकू आला नाही. पण नव्हता असंही सांगता येईना.

सूर्य मावळायच्या आत त्यांनी दिवा लावला. पुढं काही खाल्लं नाही, परातीकडं फिरकल्याही नाहीत. सगळा शनिवार तसाच गेला.

रविवारी सकाळी भांडी आवरायला उठल्या आणि परातीपाशी थिजल्या.

बटाट्यांवर रक्त होतं.

तेच. तसंच. लाल, ओले, चकाकणारे थेंब. त्यांच्या घरात, त्यांच्या परातीत, त्यांच्या शब्बाथच्या अन्नावर. रिबेकाबाई मटकन खाली बसल्या. ही बाई कुणाच्या बापाला भ्यायलेली नव्हती, पण आता तिच्या मनात आलं, खरंच असेल तर? माझ्याच हातून काही घडलं असेल तर? आठवडाभर सगळे सांगत होते ते मला एकटीला दिसत नसेल तर? भीती अशी बाहेरून दार ठोठावत नाही. ती आत येऊन आपल्याच आवाजात बोलायला लागते.

पण मन घाबरलं तरी हाताला सवय होती. रक्त दिसलं की मीठ. बाईंनी उठून जाड्या मिठाची मूठ एका बटाट्यावर टाकली आणि बघत बसल्या. चाळीस वर्षं बघितलं तसं. रक्त असेल तर मीठ ते ओढून घेतं, गुलाबी होतं, पाणी सुटून ओघळ फळीवरून खाली येतो. इथं मीठ पांढरंच राहिलं. लाल जागचं हललं नाही. त्यांनी बोटानं पुसलं, बोटावर मलईसारखं बसलं. जुन्या पांढऱ्या फडक्याला लावलं आणि उन्हात ठेवलं. रक्त वाळलं की काळवंडतं, तपकिरी पडतं, ही गोष्ट त्यांना कुणी शाळेत शिकवली नव्हती. हे वाळलं आणि लालच राहिलं, कुंकवाच्या दुकानातल्या रंगासारखं.

"हे रक्त नव्हे," बाई मोठ्यानं म्हणाल्या. आठवड्याभरात स्वतःचा आवाज त्यांना पहिल्यांदा ओळखीचा वाटला.

मग डोकं चालायला लागलं. परातीत लाल होतं ते फक्त खिडकीकडच्या बटाट्यांवर. शिंतोडे उडावेत तसं. आतल्या बाजूचे स्वच्छ. झाकलेल्या चपात्या स्वच्छ. म्हणजे पाप माझं, आणि बसलं फक्त खिडकीकडून?

त्यांनी बटाटे, फडकं सगळं पिशवीत घातलं आणि गल्ली ओलांडून उद्धवरावांच्या घरी गेल्या. उद्धवरावांची लेक दिव्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. लहानपणी रिबेकाबाईंच्या मांडीवर बसून हलवा खाल्लेली. सुट्टी संपवून आदल्याच दिवशी परतली होती. तिनं पिशवीतला एक बटाटा खिडकीशी नेला, वळवून वळवून पाहिला, आणि हसली.

"आजी, हे जंतू आहेत. सेराशिया म्हणतात. शिजवलेल्या, ओल्या, पिठूळ पदार्थावर बसले की एक-दोन दिवसांत फोफावतात आणि असा लाल रंग करतात. ब्रेड, भात, बटाटा, काही चालतं. बाथरूमच्या कोपऱ्यात फरशीच्या सांध्यांत गुलाबी चिकट थर येतो ना? बहुतेकदा ते यांचंच भावकीतलं असतं."

"मी ब्रश घेऊन रोज घासते ते?"

"तेच."

"म्हणजे माझ्या मोरीत रोज चमत्कार होतोय आणि मी फिनेल ओततेय!"

दिव्या हसता हसता थांबली. "आजी, हे पहिल्यांदा नाही झालेलं. युरोपात पाचशे वर्षांपूर्वी, त्याच्या आधीही, चर्चमधल्या पवित्र भाकरीवर लाल दिसलं की लोक म्हणायचे, शेजारच्या ज्यूंनी भाकरीला भोसकलं. मग घरं लुटायचे, गावाबाहेर हाकलायचे. माणसं जिवंत जाळली आहेत. सगळ्याच ठिकाणी लाल दिसलं होतं असंही नाही, कित्येकदा नुसती अफवा पुरायची. पुढं दोनशे वर्षांपूर्वी इटलीत मक्याच्या शिजवलेल्या पिठावर असंच लाल उगवलं. गाव हादरलं. एका औषधं बनवणाऱ्या माणसानं ते लाल उचलून दुसऱ्या ताज्या पिठावर लावलं, तिथंही उगवलं. मग कळलं, ही वाढणारी जिवंत वस्तू आहे, शाप नव्हे."

रिबेकाबाईंनी विचारलं, "जाळलेल्यांना कुणी जाऊन सांगितलं का गं, की चूक झाली?"

आतल्या खोलीतून ऐकणारे उद्धवराव बाहेर आले आणि उगाचच टोपी नीट करत उभे राहिले.

"त्याच्या बाटलीतच आहे हे," दिव्या म्हणाली. "पण आपण नुसतं बोललो तर कोण ऐकणार? दाखवावं लागेल. त्याच्याच पाण्यानं, त्यांच्याच डोळ्यांसमोर."

"मग त्याला बोलवा," बाई म्हणाल्या. "सांगा, म्हातारी खोली सोडायला तयार आहे. आधी येऊन शुद्ध करून दे म्हणावं."

हे वाक्य बोलणं किती जड गेलं, ते मानी माणसालाच कळेल.

ब्रदर दुपारी अंगणात नव्या ब्रेडचा डबा कुलूपबंद करून आला, मागं सगळी चाळ. रिबेकाबाई दारात हात जोडून उभ्या. मधे स्टुलावर दिव्यानं दोन थाळ्या मांडलेल्या. दोन्हींत सारखंच, ब्रेडचा तुकडा, उकडलेला बटाटा, वडापावचा पाव, भाताचा मुटका.

"ब्रदर, आमच्या अन्नावरही शिंपडा," दिव्या नम्रपणे म्हणाली. "या थाळीवर तुमचं पाणी. या दुसऱ्या थाळीवर मी नळाचं उकळून गार केलेलं शिंपडते. दोन्ही आमच्या कपाटात ठेवू. मंगळवारी तुमचा डबा उघडाल तेव्हा हेही उघडू."

ब्रदरची मान किंचित मागं गेली. "परमेश्वराची परीक्षा घेऊ नये, बेटा."

"देवाची कोण घेतंय? पाण्याची घेऊ," रिबेकाबाई म्हणाल्या. "का, पाणी घाबरतं?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. ब्रदरला सगळ्यांसमोर नाही म्हणता येईना. त्यानं शिंपडलं. दिव्यानं सगळ्यांदेखत थाळ्या झाकून घरच्या कपाटात वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवल्या, कपाटाला कुलूप लावलं आणि चावी गर्दीत पुढं केली. "शालनमावशी, तुम्ही ठेवा."

शालनबाईनं चावी घेतली. रिबेकाबाईंकडं तिनं पाहिलं नाही.

मंगळवारपर्यंत रिबेकाबाईंना झोप नव्हती. दिव्यानं सगळं समजावलं होतं, तरी मन सारखं विचारायचं, उगवलंच नाही तर? दोन्ही थाळ्यांत उगवलं तर? पोरगी कॉलेजात शिकवते, पण जीव तर माझा टांगलेला आहे. ट्रंक बाहेर काढून त्यांनी सायमनचा फोटो साडीत गुंडाळून वर ठेवला होता. हरले तर निघायचं, पण तो फोटो दुसऱ्या कुणाला भिंतीवरून काढू द्यायचा नाही.

मंगळवारी गर्दी दुप्पट. ब्रदरनं आपला डबा उघडला. लाल! पुन्हा किंचाळ्या, पुन्हा गुडघे. "बघा! यहूदी बाई अजून गेलेली नाही, म्हणून रक्त थांबत नाही! हालेलुया!" माणसं पुढं सरकली. कुणीतरी रिबेकाबाईंच्या चौकटीवर हात आपटला. बाई भिंतीशी उभ्या होत्या, आणि त्या क्षणी त्यांना पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या अनोळखी बाया आठवल्या, ज्यांच्याजवळ दिव्या नव्हती.

"थांबा!" दिव्या ओरडली. "कपाट राहिलं!"

उद्धवरावांनी दोन माणसांच्या मदतीनं घरातलं लोखंडी कपाट तसंच कुलूपबंद ओट्यावर आणलं होतं. शालनबाई पुढं आली. चावी लागेना, दोनदा खाली पडली. शेवटी दार उघडलं. दिव्यानं पहिल्या थाळीवरचं झाकण काढलं.

ब्रेड लाल. भात लाल. वडापावचा पाव लाल. आणि बटाट्यावर तर असे थेंब, जणू आत्ताच कापलाय.

दुसरी थाळी उघडली. नळाच्या पाण्याची. ब्रेड शिळा, भात आंबलेला, बटाट्याला वास. लाल मात्र कुठंच नाही.

रिबेकाबाईंचा आवाज आला.

"ब्रदर, ब्रेडचं मी समजू शकते. तुम्ही ब्रेडला पवित्र म्हणालात. पण ह्या बटाट्याला कुणी जखम केली? आणि वडापाववाल्यानं कुणाला खिळे ठोकले?"

एक पोरगी खुदकन हसली. मग हसू गर्दीतून पसरत गेलं, भिजलेल्या माणसानं अंग झटकावं तसं.

"सैतान! सैतान काम करतोय!" ब्रदर बाटली पिशवीत कोंबत म्हणाला. पण पिशवीवर एक हात पडला. तीन बोटांचा, फडकं बांधलेला. शांतवननं बाटली काढून उजेडात धरली. पाणी नव्हतंच ते. गढूळ पेज, आणि बाटलीच्या काठाला आतून लालसर साय.

"हे तुम्ही माझ्या जखमेवर लावत होता?" शांतवनचा आवाज फुटला.

दिव्यानं सगळ्यांना समजेल अशा भाषेत सांगितलं. जंतू कसे वाढतात, ओलं फडकं कशासाठी, दोन दिवस कशासाठी, कुलूप कुणीही लावलं तरी फरक का पडत नाही. जे घालायचं ते कुलपाच्या आधीच घातलेलं असतं. "पहिल्यांदा कदाचित यांच्या शेडमध्ये आपोआपच उगवलं असेल, हेही घाबरले असतील. पण मग यांनी ते बाटलीत पाळलं. आणि शांतवनदादा, हे उघड्या जखमेत गेलं तर हात गमवाल. आजच्या आज दवाखान्यात चला."

ब्रदर बुटांना चिखल लागू न देता मागच्या मागं सरकत होता. उद्धवरावांनी त्याची कॉलर धरली. "कुटं निघाला? कॉल वरनं येतो ना तुला? आता खालनं आलाय. चौकीवरनं. ह्या असल्या धंद्याला कायदा हाय म्हनं."

गर्दी पांगली. जाताना कुणी रिबेकाबाईंच्या नजरेला नजर दिली नाही. एवढी माणसं, एकाच वेळी, आपापल्या चपला शोधण्यात गुंग.

दुसऱ्या दिवशी शांतवनचा हात डॉक्टरांनी साफ केला, औषधं दिली. हात वाचेल म्हणाले. संध्याकाळी रिबेकाबाईंच्या दाराची कडी वाजली. या वेळी बाईंनी दार उघडलं तेव्हा शालनबाई पळालेली नव्हती. तिच्या हातात ताट होतं, त्यात शेवया, वर फडकं.

"रिबेकाताई," ती म्हणाली. "त्यानं फसवलं हो आम्हाला."

रिबेकाबाईंनी ताट घेतलं नाही. चौकटीवरच्या ओरखडलेल्या नळीवर बोटं ठेवली आणि बोलल्या, मोठ्यानं, सगळ्या चाळीला ऐकू जावं म्हणून.

"त्यानं तुला नाही फसवलं, शालन. तो लबाड, लबाडी त्याचं पोट. हे बाकीचे फसले, त्यांना माहीत नव्हतं. तुला माहीत होतं. फळी तू धरलीस. मीठ तू चोळलंस. ते पाणी कशाचं, हे सांगायला तुला ना कॉलेज लागत होतं, ना ब्रदर. तू म्हणालीस 'मी पाहिलंय', आणि अर्धंच बोललीस. पोराच्या हातासाठी घाबरलीस, ते मला कळतं, मीही आई आहे. पण घाबरलेल्या माणसानं डोळे जास्त उघडे ठेवायचे असतात, तू मिटून घेतलेस. देवाला हात जोड, मी कधी अडवलं? पण डब्यात आधी काय घातलं ते विचारून जोड. आणि शेजारणीबद्दल कुणी काही म्हटलं, तर मान हलवायच्या आधी चार पावलं चालून तिच्या दारात येऊन विचार. ताट ठेव आत. माफ केलं असं मी म्हणत नाही, अजून वेळ आहे त्याला. उद्या गुरुवार आहे. मी पुण्याहून आले की ये, फळी धरायला. आणि या वेळी लाल पाणी नीट बघ, कुठून येतं आणि कुठं जातं, आणि मग जा सगळ्यांना साक्ष द्यायला. पुरी साक्ष."